सहा नंबरचं कुंपण

मी जपानमध्ये रेसकोर्सवर काम करत होते, हे मला पुण्यात कुणालाही धडपणे सांगता आलेलं नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी ते फोनवर माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "तिथे दुसरं काहीच मिळत नाही का गं?" मी त्यांना समजावलं, की मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आमच्या ओसाकाच्या कंपनीला एका जुन्या रेसकोर्सच्या नूतनीकरणाचं काम मिळालंय, आणि मी फक्त नव्या ट्रॅकचं थ्रीडी मॉडेल करते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारच्या काकूंना "सून मैदानांच्या खात्यात आहे" असं सांगून विषय मिटवला. मैदानांचं खातं म्हणजे नेमकं काय, हे काकूंनी विचारलं नाही. आमच्या सोसायटीत माणसं समजूतदार आहेत.

तर या मैदानांच्या खात्यात मला कुबो-सान, म्हणजे आपल्याकडचे कुबोराव, भेटले.

रेसकोर्स ओसाकाहून खाजगी रेल्वेने तासाभरावर. तिथे सपाट मैदानावरच्या शर्यती होतात, त्या बघायला गर्दी लोटते. आणि अधूनमधून उड्यांची शर्यत होते. त्यात घोडे तीन किलोमीटर पळतात आणि वाटेत झुडपांच्या आठ कुंपणांवरून उड्या मारतात. या शर्यतीच्या वेळी बहुतेक लोक जेवायला जातात. त्या आठ कुंपणांची देखभाल कुबो-सान चाळीस वर्षं करत होते. साठी झाल्यावर रेसकोर्सच्या कंपनीने त्यांना रीतसर निरोप दिला, फुलं दिली, भाषणं केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर सल्लागार म्हणून परत बसवलं. सल्लागार म्हणजे ज्याचा सल्ला घ्यायचा नसतो, पण जो खोलीत हजर असावा लागतो, असा माणूस.

दिसायला अगदी छोटे. वाळलेले, कान मोठे, पँट मोज्यांत खोचलेली, डोक्यावर फिकी पडलेली टोपी. कमरेला तीन कात्र्या. यातली कुठली कशासाठी, हे त्यांनी मला दोनदा समजावलं आणि मी दोनदा "हो हो" म्हटलं. कुंपणांची उंची ते स्वतःच्या अंगावर मोजत. पट्ट्यापर्यंत आलं की एक नंबर बरोबर, शर्टाच्या दुसऱ्या बटणाला लागलं की तीन नंबर, हनुवटीला टेकलं की चार. त्यांना हेड ऑफिसने लेझरचं उंची मोजायचं यंत्र दिलं होतं. ते त्यांनी डब्यासकट कपाटात ठेवलं होतं आणि दर शुक्रवारी ते त्याच्यावरची धूळ पुसत. जपानी माणूस दिलेल्या वस्तूचा अपमान करत नाही.

रोज सकाळी त्यांची फेरी असे. पांढरे हातमोजे घालून ते प्रत्येक कुंपणासमोर ताठ उभे राहत, बोट रोखून खणखणीत आवाजात म्हणत, "एक नंबर, ठीक!" मग पुढे. "दोन नंबर, ठीक!" इथले ट्रेनचे ड्रायव्हरही सिग्नलकडे असंच बोट दाखवून बोलतात. म्हणजे डोळ्याने बघितलं, हाताने दाखवलं, तोंडाने म्हटलं, की मन भलतीकडे जायला जागा उरत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ऑफिसच्या बुटांत पूर्ण ट्रॅक चालायला लावला आणि चार नंबरसमोर बाजूला सरून म्हणाले, "जोशी-सान, आता तुम्ही." आयुष्यभर कोथरूडच्या लाल सिग्नलला ज्या बाईने किंमत दिली नाही, ती एका झुडपाकडे बोट रोखून "चार नंबर, ठीक!" असं ओरडत होती. त्यांनी मान हलवली. "आवाज लहान आहे. चार नंबरला ऐकू गेलं नाही." मी परत ओरडले.

त्यांचं एक वाक्य होतं. "घोड्याला नकाशा वाचता येत नाही." हे ते कुठेही वापरत. ट्रॅकवर कुणी कागद उघडला की हे वाक्य. ऑफिसात कॉफीचं मशीन बदललं आणि बटणं सगळी वेगळी आली, तेव्हाही ते मशीनसमोर रिकामा कप घेऊन हेच म्हणाले. सुरुवातीला मला यात काहीतरी खोल तत्त्वज्ञान असावं असं वाटे. मग सवय झाली आणि मी ऐकणं सोडून दिलं.

'नाही' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी आला नाही. तसा तो तिथे कुणाच्याच तोंडून येत नाही, पण कुबो-सानांची पद्धत पाहण्यासारखी होती. ते दातांतून हवा आत ओढत, "स्स्स…" आणि मग म्हणत, "सो देस ने…" म्हणजे 'असं आहे तर'. मी याचा अभ्यास करून वर्गवारीच केली होती. हवा थोडी ओढली तर काम अवघड आहे. जास्त वेळ ओढली तर काम होणार नाही. आणि ओढता ओढता हात मानेवर गेला, तर विषय परत काढायचा नाही. वर्षभरात मला जपान समजलाय अशी माझी खात्री झाली होती. नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींना मी रविवारी घरी बोलवून, पोहे खाऊ घालून यावर व्याख्यान देत असे. ती मंडळी बिचारी वहीत लिहून घेत.

आता नूतनीकरणाबद्दल. जुना ट्रॅक इंग्रजी आठच्या आकड्यासारखा होता, मधोमध एक वाट दुसरीला छेदून जायची. हेड ऑफिसच्या मते हे जुनाट आणि घोड्यांना गोंधळात टाकणारं होतं. घोडे चाळीस वर्षं गोंधळले नव्हते, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. नव्या आराखड्यात छेद काढून साधा लंबगोल केला. कुबो-सानांच्या हनुवटीएवढं चार नंबर रद्द झालं. आणि सहा नंबर जुन्या जागेवरून उचलून थेट नव्या रेस्टॉरंटच्या काचेसमोर आणलं. कारण ग्राहकाला केक खाता खाता घोडा हवेत दिसला पाहिजे, आणि त्याचा फोटो काढता आला पाहिजे. हा विचार ओकुदा-काचो यांचा, काचो म्हणजे आमचे विभागप्रमुख. काचो माणूस सज्जन, टाय कायम सरळ, आणि 'ग्राहकाचा अनुभव' हे शब्द उच्चारताना त्यांचा आवाज देवळात आल्यासारखा खाली येत असे.

या आराखड्याचं मॉडेल मी केलं. खोटं कशाला बोलू, सुंदर झालं होतं. हिरवंगार गवत, निळं आभाळ, कुंपणांची पानन् पान वेगळी. मीटिंगमध्ये मी ते मोठ्या पडद्यावर फिरवून दाखवलं, घोड्याच्या पाठीवर बसून सातही उड्या मारल्या. माणसं "ओऽऽ" म्हणाली. मग काचोंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाला काही शंका? रिवाजाप्रमाणे कुणालाही नव्हती. फक्त कोपऱ्यातून कुबो-सानांनी हात अर्धवट वर केला.

"जोशी-सान, यात सूर्य कुठे आहे?"

मला प्रश्न फार गोड वाटला. म्हटलं, म्हाताऱ्याला तंत्रज्ञानाचं कौतुक वाटतंय. "तुम्ही म्हणाल तिथे, कुबो-सान!" मी म्हणाले. "हा कॉम्प्युटर आहे, सूर्य आपल्या ताब्यात असतो."

सगळे हसले. कुबो-सानही हसले. हवा ओढली, किती वेळ ओढली ते मी मोजलं नाही. "सो देस ने," म्हणाले आणि खाली बसले. माझ्या मॉडेलमध्ये सूर्य कायम जून महिन्यातल्या सकाळी अकराला होता, कारण त्या उजेडात गवत छान दिसतं.

त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी एक नवंच सुरू केलं. रोज दुपारी तीनच्या सुमाराला ते प्लॅस्टिकचा एक क्रेट घेऊन सहा नंबरच्या नव्या जागेकडे जायचे. तिथे तेव्हा नुसत्या खुणेच्या काठ्या होत्या. क्रेट उपडा ठेवायचा, त्यावर चढायचं, दोन्ही हात कानशिलांना लावून समोर बघायचं. उतरायचं, पाच पावलं पुढे जायचं, परत क्रेट, परत चढायचं. मग खिशातून वही काढून काहीतरी लिहायचं. आम्ही साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसातून, हीटरला पाय लावून हे बघत असू. मी नवऱ्याला मेसेज केला, 'आमचे सल्लागार सूर्याची उपासना करतायत.' त्यावर त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. वय होतं माणसाचं, असं ठरवून मी तो विषय मनातून काढून टाकला.

जानेवारीत आराखडा मंजुरीला आला. इथे सहीऐवजी शिक्का चालतो, हांको म्हणतात त्याला. लाकडाचा छोटासा, त्यावर आडनाव कोरलेलं, लाल शाईत बुडवून कागदावर उठवायचा. आमच्या कंपनीने त्या वर्षी 'कागदमुक्त कार्यालय' ही मोहीम हाती घेतली होती. त्यासाठी साइटवरच्या सहा जणांनी आपापल्या वेगळ्या कागदावर शिक्के मारायचे, मग ते कागद मी स्कॅन करायचे, सहाही शिक्के एका पानावर जुळवायचे, ते पान हेड ऑफिसला पाठवायचं, आणि मूळ कागद खोक्यात भरून ठेवायचे. कागदमुक्तीसाठी आम्हाला दर महिन्याला दोन खोकी लागत.

शिक्क्यांबद्दलही मला बरीच माहिती होती. काही ऑफिसांत हाताखालचा माणूस आपला शिक्का किंचित डावीकडे झुकवून मारतो, म्हणजे तो शेजारच्या साहेबाच्या शिक्क्याला वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. हे मला काचोंनी सांगितलं होतं आणि माझ्या रविवारच्या व्याख्यानात ते फार रंगत असे. त्यामुळे स्कॅन करताना मी प्रत्येकाचा झुकाव जिथल्या तिथे ठेवला. परक्या देशातल्या रीतिभातींबद्दल मी किती हळवी आहे, याचं मला स्वतःलाच कौतुक वाटत होतं.

सहाव्या कागदासाठी कुबो-सान स्वतः आले. दोन्ही हातांनी कागद माझ्यासमोर धरला, मी दोन्ही हातांनी घेतला. त्यांचा शिक्का पूर्ण उलटा उठला होता. आडनावाची दोन अक्षरं डोकं खाली, पाय वर. मी वर बघितलं. ते उभेच होते. एरवी काम झालं की वाकून लगेच जाणारा माणूस, पण त्या दिवशी थांबला.

"खूप आभारी आहे, कुबो-सान," मी म्हणाले.

ते अजून थोडा वेळ थांबले. मग वाकले आणि गेले.

मला त्यांचं वाईट वाटलं. चष्मा जाड, हात थोडा थरथरतो, चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर शिक्का उलटा मारला बिचाऱ्यांनी, हेड ऑफिसमधली पोरं हसतील. परत मारायला सांगितलं तर त्यांना किती ओशाळं वाटेल! म्हणून मी कुणाला काही न बोलता स्कॅन उघडला, शिक्क्याभोवती चौकोन केला आणि तो सरळ फिरवून ठेवला. कडा इतक्या सफाईने जुळवल्या, की कुणाच्या बापाला कळलं नसतं. म्हाताऱ्याची लाज राखली म्हणून त्या दिवशी मी स्टेशनवरच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, स्वतःला आईस्क्रीम घेऊन खाल्लं.

मंजुरी आली. सहा शिक्क्यांचं ते पान फ्रेम करून साइटच्या ऑफिसात लागलं. एका सकाळी मी पोचले तर कुबो-सान त्याच्यासमोर उभे. हातमोजे काढून हातात धरलेले.

"हे पान ऑफिसने केलं का?" त्यांनी विचारलं.

आता 'मी केलं' असं म्हणणं जपानमध्ये उद्धटपणाचं, हेही मी शिकले होते. मी नम्रपणे वाकून म्हणाले, "हो. ऑफिसने केलं."

"सो देस का," म्हणजे 'असं होय', ते म्हणाले. मग त्या पानाला ते वाकले. मला वाटलं, किती निष्ठा! मी हेसुद्धा व्याख्यानात घातलं.

उन्हाळ्यात जुनी कुंपणं निघाली. चार नंबर उपटलं त्या दिवशी कुबो-सान सुट्टीवर होते. चाळीस वर्षांत पहिली सुट्टी, असं कुणीतरी म्हणालं. नव्या सहा नंबरवर मात्र त्यांनी जीव ओतला. झुडपं इतकी दाट लावली की मांजर शिरणार नाही, आणि घोडा झेप घेतो त्या बाजूला पांढरी जाड फळी बसवून घेतली, आराखड्यात नसलेली. काचो म्हणाले, फोटोत ती फळी डोळ्यात भरते. कुबो-सानांनी हवा ओढली आणि हात मानेवर नेला. फळी राहिली. सकाळच्या फेरीत ते सहा नंबरसमोर इतर कुंपणांपेक्षा जास्त वेळ थांबत आणि बोट दाखवत. पण 'ठीक' म्हणत नसत. नुसतंच "सहा नंबर" म्हणून पुढे जात. मी हे ऐकत होते. मला वाटलं, घसा बसला असेल.

डिसेंबरात चाचणी झाली. प्रेक्षक नव्हते. रेस्टॉरंटमध्ये हेड ऑफिसची मंडळी कॉफी घेऊन बसली होती. तीन घोडे एकामागून एक पळणार होते. पहिले दोन छान गेले, सहा नंबरवर दोघांचे फोटोही अप्रतिम आले. तिसऱ्या, तांबूस घोडीची पाळी येईपर्यंत तीन वाजले. तिने चार उड्या सहज मारल्या. मग वळण घेऊन ती सहा नंबरच्या रेषेत आली, नैर्ऋत्येला तोंड करून, आणि समोर खाली आलेला सूर्य. तिने मान एकदम वर झटकली, चारही पाय रोवले. जॉकी पुढे उडाला आणि घोडी छातीने कुंपणात घुसली. काचेच्या आत आवाज येत नव्हता. आम्ही कप हातात धरून बघत होतो.

जॉकीचं गळपट्टीचं हाड मोडलं. घोडी जगली, पण पुन्हा कधी शर्यतीत धावली नाही. काचो म्हणत होते की घोडी अननुभवी आहे, आणि कुणीतरी मान डोलावत होतं. मला मात्र खाली कुबो-सान दिसत होते. ते धावले नाहीत. चालत स्ट्रेचरजवळ गेले, टोपी काढली आणि जॉकीसमोर वाकले. मग घोडीसमोर वाकले. घोडीसमोर जरा जास्त वेळ.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये जबाबदारी कुणाची यावर चर्चा होणार होती. अशा मीटिंगमध्ये जबाबदारी खोलीभर फिरते आणि शेवटी हवामानावर जाऊन बसते. पण चर्चा सुरू व्हायच्या आतच कुबो-सान उठले.

"शिक्का माझा आहे," ते म्हणाले. "कुंपण माझं आहे. क्षमा असावी."

वर्ष संपताना त्यांनी काम सोडलं. या वेळी फुलं नव्हती. त्यांनी लेझरचं यंत्र पुसून टेबलावर ठेवलं, तीन कात्र्या घेतल्या आणि गेले.

जानेवारीत चौकशीसाठी मूळ कागद मागितले गेले. मी खोकं काढून सहा कागद ओकुदा-काचोंसमोर ठेवले. ते एकेक बघत होते. शेवटच्यावर थांबले. भिंतीवरची फ्रेम उतरवून आणली, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलं.

"हा सरळ कोणी केला?"

"मी केला," मी म्हणाले. आणि हे लिहिताना लाज वाटते, पण माझ्या आवाजात थोडा अभिमान होता. "उलटा उठला होता. चुकून झालं असणार. म्हणून मी…"

काचो खुर्चीत बसले. टाय सैल केला. मी त्यांना टाय सैल केलेलं कधी बघितलं नव्हतं.

"जोशी-सान," ते हळूच म्हणाले, "जुनी माणसं वरिष्ठांना नाही म्हणू शकत नाहीत. पण हात हो म्हणायला तयार होत नसेल, तर शिक्का उलटा मारतात. माझ्या पूर्ण नोकरीत मी असा शिक्का एकदाच बघितलाय. त्या वेळी काम थांबवून सगळे त्या माणसाच्या टेबलाशी गेले होते, विचारायला."

मला तो दोन्ही हातांनी पुढे केलेला कागद आठवला. त्यांचं ते थांबणं आठवलं. आयुष्यात एकदा त्या माणसाने 'नाही' म्हटलं होतं, तेही माझ्या हातात आणून दिलं होतं, आणि मी ते सफाईने फिरवून 'हो' केलं होतं. वर "ऑफिसने केलं" असं सांगितलं होतं, नम्रपणे.

त्या संध्याकाळी घरी मी ते जुनं मॉडेल उघडलं. तारीख डिसेंबरची केली, वेळ तीनची. दोन क्लिक लागले. घोड्याच्या डोळ्यांच्या उंचीवर जाऊन वळण घेतलं आणि अख्खा स्क्रीन पांढरा झाला. त्या पांढऱ्यात सहा नंबरचं कुंपण कुठे दिसेना. तेव्हा मला क्रेट कशासाठी होता ते कळलं. बुटक्या माणसाला घोड्याएवढं उंच व्हायचं होतं. मी लॅपटॉप मिटला आणि रडले. नवऱ्याने काय झालं विचारलं, तर त्याला सूर्योपासनेचा मेसेज आठवेल या भीतीने सांगितलंही नाही.

फेब्रुवारीत नवा आराखडा झाला. सहा नंबर रेस्टॉरंटसमोरून हलवून मागच्या बाजूला नेलं होतं, सूर्याकडे पाठ करून. काचोंनी कागदावर एक रिकामा चौकोन आखला आणि म्हणाले, "निवृत्त माणसाचा शिक्का घेणं नियमात बसत नाही." मग कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तुम्हीच घेऊन जा."

माफी मागायला जाताना जपानमध्ये मिठाई नेतात आणि चूक जितकी मोठी तितकी मिठाई वजनदार. मी बेसनाचे लाडू केले. त्या बाबतीत वजनाची कमतरता पडणार नव्हती.

कुबो-सानांचं घर छोटं, भोवती हिरवं कुंपण, शर्टाच्या दुसऱ्या बटणाएवढं. त्यांच्या पत्नीने चहा आणला. मी चटईवर बसून, डोकं टेकवून सगळं सांगितलं. स्कॅन, चौकोन, फिरवणं, आईस्क्रीमसुद्धा. सांगून झालं तरी डोकं वर उचलायची हिंमत होईना.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "म्हणजे… ऑफिसने फिरवला नव्हता?"

"नाही. मी फिरवला."

"काचोंनी सांगितलं म्हणून?"

"नाही हो. कुणीच सांगितलं नाही. मला वाटलं, चुकून उलटा मारलात."

"ऑफिसला माहीतच नव्हतं?"

"कुणालाच माहीत नव्हतं."

मी वर बघितलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. वर्षभर ते असं धरून चालले होते, की चाळीस वर्षं ज्यांच्यासाठी काम केलं त्यांनी आपला नकार बघितला, आणि उत्तर म्हणून तो फिरवून भिंतीवर टांगला. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ऐकलंस का! ऑफिसने नव्हता फिरवला! या जोशी-सानांनी फिरवला!" मुलगा परीक्षेत पास झाल्याची बातमी द्यावी तशी. त्यांच्या पत्नी लगबगीने आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि वाकून मनापासून माझे आभार मानले. इतक्या मोठ्या चुकीबद्दल माझे आभार आजवर कुणी मानलेले नाहीत.

दोघांनी एकेक लाडू खाल्ला. कुबो-सान म्हणाले, "जड आहे." मी म्हणाले, "चूकही तशीच होती."

मग मी नवा आराखडा पसरला. त्यांनी चष्मा बदलला. कागदावर ओणवे होऊन ते इतका वेळ बघत होते, की चहा गार झाला. मी मनातल्या मनात काचोंना पाठवायचा मेसेज लिहून ठेवला होता. कुबो-सानांनी कपाटातून शिक्का काढला, शाईत दाबला, कागदावर ठेवला आणि अंगाचा भार टाकून दाबला. उचलला.

उलटा.

"कुबो-सान?" मी शिक्क्याकडे बोट दाखवलं.

"या जागी पाणी साचतं," ते म्हणाले. "पाऊस गेल्यावर दोन दिवस वरून कोरडं दिसतं. खाली चिखल असतो. पाय रुतेल."

"नकाशात तर उतार…"

ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. ते वाक्य त्यांना म्हणावं लागलं नाही.

"मग काचोंना फोन करून सांगा ना," मी काकुळतीला आले. "मी आत्ता लावून देते."

त्यांनी दातांतून हवा ओढली, चांगली लांबवर, आणि हात मानेवर नेला. मी विषय परत काढला नाही.

त्या कागदाने पुढे आणखी तीन महिने घेतले. काचो स्वतः त्यांच्या घरी जाऊन आले, पाऊस पडल्यावर सगळे चिखलात उभे राहिले, आणि तिसरा आराखडा झाला तेव्हा मी कावासाकीच्या ऑफिसात बदली होऊन गेले होते. त्यावरचा शिक्का कसा होता ते मी पाहिलेलं नाही. सहा नंबर आज तिथे आहे आणि रेस्टॉरंटमधून अजिबात दिसत नाही, एवढं ऐकून आहे.

कुबो-सान मला शेवटचे दिसले ते त्या दुपारीच. मी कागद दुमडला नाही, दोन पुठ्ठ्यांमध्ये सरळ ठेवून बॅगेत घातला. ते फाटकापर्यंत आले. इथे पाहुणा कोपऱ्यावर वळेपर्यंत वाकत राहायची पद्धत आहे, म्हणून कोपऱ्यावर मी मागे वळले. ते वाकलेले नव्हते. ताठ उभे होते आणि माझ्या बॅगेकडे बोट रोखून त्यांनी आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी दिली, "जोशी-सान?"

मी बॅगेकडे बोट रोखलं. समोरच्या घरातून कुणीतरी पडदा सरकवून बघत होतं.

"ठीक!" मी ओरडले.

त्यांनी मान हलवली. कानाला हात लावला.

मी पुन्हा ओरडले, पोटातून. मग त्यांनी हात खाली घेतला, कमरेची कात्री काढली आणि ते कुंपणाकडे वळले.